कागदामागचा पुठ्ठा

२०२२ साल. मी एकोणसाठ वर्षांचा. निवृत्तीला एक वर्ष उरलं होतं, आणि डोक्याला ताप तोच होता जो नोकरीच्या पहिल्या वर्षी होता. बारावीचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशी सकाळीच शाळेच्या फाटकाशी आईबाप उभे. "मामा, आता कॉलेजच्या अॅडमिशनला कोणकोणते कागद लागतात?"

आता! अरे बाबा, सोयाबीन काढायला आल्यावर बियाणं कोणतं घेऊ म्हणून कोणी विचारतं का?

मी किसन. कनेरगाव नाक्याच्या बाजूला, रोडला लागून एक शाळा आहे, आठवी ते बारावी. तिथं मी पस्तीस वर्षं शिपाई होतो. शाळेतल्या शिपायाला पोरं मामा म्हणतात. त्यांचे बापही मामा म्हणायला लागतात. मग तीच पोरं मोठी होऊन आपली लेकरं घेऊन येतात, अन् तीही मामाच म्हणतात. मी चौथी शिकलो. घंटा वाजवायची, पाणी भरायचं, वर्ग उघडायचे, ही कामं कोणालाही येतात. माझं खरं काम कपाटाचं. त्यात दाखलखारीज असतं, म्हणजे कोणतं लेकरू कधी शाळेत आलं, कधी गेलं, त्याची जात, जन्मतारीख, गाव, हे सगळं लिहिलेलं जाड रजिस्टर. क्लार्क बदलले, पाच मुख्याध्यापक होऊन गेले, कपाटाची किल्ली माझ्याच करदोड्याला. एखाद्याच्या आजाचं नाव कोणत्या रजिस्टरात, कोणत्या बाजूला आहे, हे मी डोळे झाकून सांगायचो. वाचून न्हाई, बघून. कागदाचा रंग, शाईचा डाग, शिक्का कोणत्या कोपऱ्यात बसला आहे, यावरून मला कागद ओळखू येतो. शिकलेल्या माणसाला ते जमत नाही. तो वाचत बसतो.

बाहेरच्या माणसाला वाटतं, कॉलेजचा प्रवेश बारावीनंतर होतो. साफ चूक. तो आठवीपासून सुरू होतो. अभ्यासाचं सांगत नाही मी, अभ्यास ज्याचा त्याचा. मी कागदाचं सांगतो. आठवीत रजिस्टरातलं नाव अन् जन्मतारीख आईबापानं येऊन डोळ्यानं पाहून घ्यायची, कारण दहावीनंतर ते बदलायचं म्हणजे जीव जातो. नववीत जातीचा दाखला काढायचा. दहावीत रहिवासी. अकरावीत जात पडताळणीला फाईल टाकायची. पडताळणी म्हणजे, दाखल्यावर लिहिलेली जात खरंच तुमची आहे का, हे सरकारी समिती जुने कागद बघून ठरवते. तिथं बापाचा, आजाचा, सापडला तर पणजाचा पुरावा लागतो. तांड्यावरच्या लोकांना तर एकसष्ट सालाच्या आधीचा. उत्पन्नाचा दाखला तेवढा बारावीत काढायचा, कारण तो शिळा होतो. एका वर्षाला एक कागद. इतकं सोपं आहे. चौथी शिकलेल्या माणसाला कळतं, पण कोणी ऐकेल तर शपथ.

पुसेगावकडचे एक मोठे बागायतदार होते. पोराला डॉक्टर करायचं म्हणून आठवीपासून घरात दुसरा विषय नाही. टीव्ही बंद, पाहुणे बंद, सुट्टीत लातूरचे क्लास. पोरगं हुशार, मार्कही तसे पडले. निकालानंतर जीप घेऊन आले.

"मामा, पडताळणीचं प्रमाणपत्र पाहिजे."

"कधी?"

"परवापर्यंत."

"मालक, चार वर्षं काय केलं?"

"पोरगं अभ्यास करून राहिलं होतं ना!"

"अन् तुमी?"

मग म्हणतात, "मामा, तुमच्या ओळखीनं होईल का?" माझ्या ओळखीनं! मी शिपाई आहे की तहसीलदार?

एक बाई होती, ती उशीच्या खोळीत कागद घेऊन यायची. खोळ टेबलावर उलटी करायची अन् म्हणायची, "घ्या मामा, यात असंल ते तुमचं." त्यात लाईटबिल, लसीचं कार्ड, दिराच्या लग्नाची पत्रिका, सगळं निघायचं. जन्माचा दाखला तेवढा न्हाई. पण एक सांगतो, मी तिच्यावर कमी चिडायचो. ती बाई दरवर्षी येत तरी होती.

शेवटी वैतागून मी माझाच कायदा केला. आठवीत आलेल्या प्रत्येक लेकराची फाईल कपाटात ठेवायची. कागद घरी ठेवायचाच नाही. घरी उंदीर, घरी पाऊस, घरी लहान लेकरं. तांड्यावरचे लोक तर दसरा झाला की ऊसतोडीला जातात, सगळं बिऱ्हाड ट्रॅक्टरवर, त्यात कागदाची पेटीही. म्हणून कागद माझ्याकडं. अन् ज्याचा कागद जुना, फाटका, त्याचा मी नाक्यावरच्या दुकानातून प्लास्टिक चढवून आणायचो. लॅमिनेशन. कडक, चकचकीत, पाण्यात टाका तरी काही होत नाही. आमच्याकडं एक इतिहासाचे सर होते, ते एकदा म्हणाले, "मामा, मूळ कागदाला असं काही करत जाऊ नका. नियमात बसत नाही."

मी म्हटलं, "सर, तुमी मेलेल्या राजांचं बघा. जितेपणीचे कागद मी बघतो."

सगळी स्टाफरूम हसली. मलाही बरं वाटलं. ते सर पुन्हा काही बोलले नाहीत.

आता निकिताचं सांगतो.

आमच्या शाळेपासून चार किलोमीटरवर एक तांडा आहे. तिथला परसराम चव्हाण, ऊसतोड करणारा, दोन एकर कोरडवाहू. त्याची मोठी पोरगी निकिता आठवीला आली तेव्हा मी त्याला तीन निरोप धाडले, तेव्हा कुठं तो आला. आला तो दाराच्या बाहेरच उभा. हातात पत्र्याची पेटी.

"आत ये."

"हाय तिथं बरा हाय, मामा."

"अरे, कागद बाहेर उभे राहून दाखवतो का?"

पेटीत एकच कामाचा कागद निघाला. त्याच्या चुलत आजाचा शाळेचा दाखला. पंच्याहत्तर वर्षांमागं तांडे बैल घेऊन फिरायचे, त्यात कोणतं पोरगं शाळेत जातं? पण हा चुलत आजा एका गावच्या शाळेत दोन वर्षं बसला होता, अन् शाळा सोडताना मास्तरनं त्याला दाखला लिहून दिला होता. निजामाचं राज्य नुकतंच गेलेलं. त्यामुळं पुढून मराठी अन् मागून उर्दूत चार ओळी खरडलेल्या, खाली शिक्का. मी कागद पाहिला अन् माझे डोळे चमकले. एकसष्टच्या आधीचा! सगळ्या तांड्यात असा कागद नव्हता.

पण हाल काय केले होते! आठ घड्या, घडीवर घडी फाटलेली, एक कोपरा भिजून गळून गेलेला. मी परसरामला असा झापला म्हणता! "तुला अक्कल हाय का? हा कागद म्हणजे तुझ्या पोरीचं कॉलेज आहे. असा ठेवतात का?" तो मान खाली घालून म्हणाला, "चुकलं मामा. बार्शीकडं पाऊस लागलता. पेटी गळत होती."

मी तो कागद ठेवून घेतला. दोन दिवस टेबलाच्या काचेखाली दाबून वाळवला. घड्या सरळ केल्या. नुसतं प्लास्टिक चढवलं असतं तर कागद मधीच तुटला असता, म्हणून मी घरी बायकोकडून पिठाची खळ करून घेतली, वह्यांच्या खोक्याचा एक चांगला पुठ्ठा मापानं कापला, अन् कागद त्यावर चिकटवला. मागच्या बाजूच्या उर्दू ओळी त्यात झाकल्या गेल्या. मी विचार केला, ते कोणाला वाचता येतं? पुढचं मराठी दिसलं म्हणजे झालं. मग दुकानातून प्लास्टिक चढवून आणलं. असा देखणा झाला कागद, की पुढं पाच वर्षं मी तो प्रत्येक आईबापाला दाखवला. "हे बघा. ऊसतोड्याचा कागद आहे हा. अन् तुमचे बघा."

निकिता बारीक, बोलायला तिखट. तिची फाईल माझ्या कायद्यानं वर्षाला एक कागद करत भरत गेली. मधल्या कोरोनानं पडताळणीची फाईल मात्र एक वर्ष मागं पडली, अकरावीऐवजी बारावीत गेली. बाकी सगळं बराबर. पोरगी बारावी पास झाली, प्रवेश परीक्षा दिली, अन् शेतकीच्या कॉलेजात नंबर लागेल असे मार्क पडले. फक्त पडताळणीचं प्रमाणपत्र मुदतीत पाहिजे होतं. ते नसलं तर राखीव जागा गेली, अन् खुल्या जागेत तिचा नंबर लागत नव्हता.

परसरामनं मला सरळ सांगितलं होतं. "मामा, दसऱ्याला टोळी निघते. नंबर लागला तर पोरगी कॉलेजात. न्हाई लागला तर संगं घेऊन जातो. कोयता एक वाढंल." तो वाईट बाप नव्हता. पोरीला तांड्यावर एकटी ठेवणार कुणापाशी? निकिता ते ऐकत होती. पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत राहिली.

सप्टेंबरात समितीचं पत्र आलं. मूळ कागद घेऊन हिंगोलीला या. मीही गेलो. मला कोणी बोलावलं नव्हतं. मुख्याध्यापकांची परवानगी काढली, धुतलेला ड्रेस घातला, टोपी घातली. खरं सांगायचं तर मला माझं काम साहेबलोकांच्या हातात बघायचं होतं.

तिथं एक मॅडम होत्या. चाळिशीच्या, चष्मा, आवाज शांत. निकिताची फाईल उघडून एकेक कागद बघत गेल्या अन् "ठीक, ठीक" म्हणत गेल्या. मी मागं भिंतीला टेकून उभा. प्रत्येक "ठीक" ला माझी छाती एक बोट वर. मग तो कागद आला. मॅडमनी तो उचलला, उजेडात धरला, उलटा केला. पुन्हा सुलटा केला. पुन्हा उलटा.

"याच्या मागे पुठ्ठा कोणी लावला?"

मला वाटलं, आता शाबासकी. मी पाऊल पुढं टाकणार, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "या काळातल्या दाखल्यांवर मागे शेरा आणि शिक्का असतो. तोच आम्हाला बघायचा असतो. ही बाजू झाकली, म्हणजे काहीतरी लपवलंय. कोणी लावला?"

परसरामनं मान वळवून माझ्याकडं पाहिलं. मी पंख्याकडं पाहिलं.

"म्या लावला, मॅडम," परसराम म्हणाला.

"कशाला?"

"भिजलता."

"मागे काय लिहिलं होतं?"

"मला वाचता येत न्हाई."

"वाचता येत नाही, मग झाकलं कशाला?"

त्यानं तर ते झाकलंच नव्हतं. निकिता मधीच म्हणाली, "मॅडम, ते बापानं न्हाई..." परसरामनं तिचा दंड दाबला. "गप बस."

मॅडमनी लिहून घेतलं. अर्जदाराच्या वडिलांनी मूळ पुराव्याची मागील बाजू झाकली. प्रकरण चौकशीला जाईल, पथक तांड्यावर येईल, अहवाल देईल. किती दिवस लागतील म्हणून निकितानं विचारलं. मॅडम म्हणाल्या, "दोन महिने. जास्तही लागू शकतात." प्रवेशाची मुदत त्याच्या कितीतरी आधी संपत होती. परसरामनं त्या जबाबाखाली अंगठा उठवला. मी तिथंच होतो. तोंड मिटून उभा होतो.

भीती नव्हती मला. एका पुठ्ठ्यापायी माझी पेन्शन कोणी अडवणार नव्हतं. पण पाच वर्षं ज्या माणसाला मी कागदावरून झापत आलो, त्याच्यासमोर, त्याच्या पोरीसमोर म्हणायचं की हे माझ्या हातानं झालं? जीभच उचलेना.

बाहेर आलो. परसरामनं गाड्यावर तीन चहा सांगितले. अन् मी काय केलं? त्यालाच झापला! "तू काहून मधी बोललास? कोणी सांगितलं तुला?"

तो चहा फुंकत म्हणाला, "मामा, तुमचं नाव खराब झालं असतं. एवढी लेकरं शिकवली तुमी. आमचं काय, आमाला रोजच कोणी ना कोणी बोलतं."

"मी शिकवत न्हाई. मी शिपाई आहे," मी म्हटलं.

निकितानं चहाला हात लावला नव्हता. ती म्हणाली, "मामा, आठवीपासून तुमी आमाला सांगून राहिले, कागदावर एक अक्षर खोटं येऊ देऊ नका म्हणून. आज बापाचं खोटं लिहून घेतलं त्यांनी, अंगठ्यासकट. ते आता कोणत्या फाईलीत लावू?"

"निके, मोठ्या माणसाशी असं बोलतात का?" परसराम.

"बोलत न्हाई, विचारून राहिले."

बसमध्ये ते दोघं पुढं बसले, मी मागं. नाक्यावर उतरलो. परसरामनं राम राम केला. पोरीनं केला नाही.

पुढं काय झालं ते आधी सांगून टाकतो, म्हणजे ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला नको. पंधरा दिवसांनी समितीनं मलाही बोलावून तो कागद आपल्यासमोर उघडवला. मागचं प्लास्टिक कापून काढलं, अन् खळ पिठाची होती, म्हणून ओल्या फडक्यानं पुठ्ठा सुटला. माझी बायको म्हणते, तेवढं एकच काम त्यात बरं झालं, ते तिचं. उर्दू वाचणारे एक म्हातारे मास्तर बोलावले होते. त्यांनी वाचलं: मुलगा लमाणी जातीचा, आईबाप बैल घेऊन पुढे गेले, तोही त्यांच्यासोबत गेला, सबब नाव कमी केले. खाली शिक्का. म्हणजे सगळ्या फाईलीत सगळ्यात पक्का पुरावा कोणता, तर मी पुठ्ठ्याखाली दाबला तो. मास्तर वाचून हसले. मी हसलो नाही. प्रमाणपत्र दसऱ्याच्या आधी आलं. मुदत संपायला चार दिवस होते. निकिता आता परभणीला शेतकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. फोन करते. "मामा, कागदाला प्लास्टिक लावू का?" असं मुद्दाम विचारते. अवलाद!

पण हे सगळं झालं ते त्या हिंगोलीच्या दिवसामुळं नव्हे. दुसऱ्या दिवसामुळं. तेवढं सांगतो अन् थांबतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घंटा वाजवली नाही. चौतीस वर्षांत पहिल्यांदा, सांगून न पाठवता. पहिल्या बसनं हिंगोलीला गेलो. ऑफिसचं कुलूप उघडायच्या आधी पायरीवर बसलो. मॅडम आल्या, त्यांनी मला ओळखलं नाही, टोपी नव्हती. मी म्हटलं, "मॅडम, तो पुठ्ठा मी लावला. परसरामनं न्हाई. त्याचा जबाब खोटा आहे, अन् तो माझ्यापायी खोटा आहे."

त्यांनी पाहिलं माझ्याकडं. म्हणाल्या, "लेखी द्या."

बाहेर अर्ज लिहून देणारा बसतो. मी त्याच्याकडं गेलो नाही. वऱ्हांड्यातल्या बाकावर बसलो अन् माझ्या हातानं लिहिलं. सही करणं सोडलं तर कित्येक वर्षांत मी चार ओळी लिहिल्या नव्हत्या. एक तास लागला. मी अमुक शाळेतला शिपाई. चुलत आजाच्या दाखल्याला पुठ्ठा मी माझ्या मनानं लावला. मागचं मला वाचता आलं नाही, म्हणून ते बिनकामाचं आहे असं मी समजलो. परसराम चव्हाण आणि त्याची मुलगी यांचा यात दोष नाही. सही केली. आत नेऊन दिलं.

मॅडमनी सगळं वाचलं. चष्मा काढला. "काल तुम्ही इथेच उभे होतात. काल का नाही बोललात?"

मी म्हटलं, "तेही लिहू का?"

"लिहा."

मी कागद परत घेतला, त्यांच्याच टेबलावर वाकलो, अन् सहीच्या खाली लिहिलं: लाज वाटली.